उन्हाळ्याची पाहणी

अण्णा, समितीच्या सचिवसाहेबांचा परत फोन आला होता. खाणबंदीची मार्गदर्शिका छपाईला चालली आहे, तेवढं पहिल्या पानाचं नक्की करा, म्हणाले. पहिल्या पानावर त्यांना तुमचं नाव घालायचं होतं. 'यांच्या स्मृतीस अर्पण', आणि खाली तो निळ्या स्वेटरमधला फोटो. मी म्हटलं, त्यांच्या मिसेसना, अक्कांना, विचारून सांगते. तर म्हणाले, "मॅडम, ट्रिब्यूट ही तो है, इसमें पूछना क्या?" आता या माणसाला काय सांगायचं, की तुमचं-माझं शेवटचं भांडण याच पुस्तिकेवरून झालं आणि ते अर्धंच राहिलं. मी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून बसून राहिले. दमले आहे हो मी. तुम्ही गेलात आणि तुमच्या वाटचे फोनसुद्धा मलाच घ्यावे लागतात.

तुम्हाला म्हणून सांगते, सर्जापूर रोडच्या माझ्या सोसायटीत अजून कुणालाही कळलेलं नाही की मी करते काय. शेजारच्या बाईंना मायनिंग म्हटलं की डेटा मायनिंग वाटतं. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "हो म्हणून टाक की, मान तरी मिळेल." जे. पी. नगरात दाताच्या दवाखान्यावरच्या त्या दोन खोल्यांत बसून आपण जे करायचो त्याला मान नव्हताच कधी. खाण उघडायची कशी हे सांगणारे बंगळुरात ढिगानं सापडतात. ती संपल्यावर मागे राहिलेला खड्डा, पाणी, धूळ आणि तिथली माणसं यांचं करायचं काय, त्याचे नियम आपण लिहायचो. आधी आपल्या राज्यापुरते, मग बाहेरच्या देशांसाठीही, जिथं आपल्यासारखंच जमिनीच्या पोटात पुष्कळ आणि वर राहणाऱ्यांच्या हातात थोडकं असतं.

मला तुम्ही ठेवून घेतलंत तेव्हा माझ्या डिग्रीकडे बघितलंही नव्हतं. "चंद्रपूरची का? म्हणजे कोळसा. त्यातलं काय आठवतं सांग." मी म्हटलं, दोरीवरचे कपडे. शाळेचा पांढरा शर्ट आई धुवायची आणि वाळेपर्यंत तो राखाडी व्हायचा, बाबा म्हणायचे, त्याच धुळीवर आपलं घर चालतं, बोलायचं नाही. तुम्ही हसला नाहीत. नुसतं "सरी" म्हणालात. बरं. आणि त्या दिवसापासून माझं नाव चांदा पडलं. चंद्रपूरचं जुनं नाव बंगळूरच्या माणसाला कुठून ठाऊक, हे विचारायचं माझं राहूनच गेलं.

आपलं पटायचं नाही, हे तर दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही माहीत होतं. जिन्यापर्यंत आवाज जायचा. मला वाटायचं, सगळ्या खाणींना कुलूप घाला एकदाचं. तुम्ही वर पंख्याकडे बोट दाखवायचात. "हा कशाचा? तुझा फोन कशाचा? तो मेट्रोचा खांब? नको म्हणायला काय जातंय, चांदा. बंद कशी करायची ते सांग." मी चिडायचे, मग तुम्हीच खालून दोन कॉफ्या मागवायचात. तुमच्या घराण्यात मराठी फक्त घरात उरलेली, तीही निम्मी कानडी. भांडताना मात्र तुम्ही अस्सल मराठीत यायचात. मला बरं वाटायचं ते.

तो हिरवा खड्डा आठवतो ना? मी नवीनच होते. आपल्या अहवालात बळ्ळारीकडच्या एका बंद लोखंड-खाणीचं भारी कौतुक होतं. खड्ड्याचं तळं झालेलं, काठानं झाडं, गवत, दोन बगळे. फोटो तुम्ही काढलेला आणि खालचं "बंद करावी तर अशी" हे वाक्यही तुमचंच. फोटो इतका फिरला, की परदेशातून आलेल्या एका पाहुण्यानं तो आपल्यालाच दाखवला आणि म्हणाला, इंडियात बघा किती छान काम झालंय! तुम्ही लाजून चष्मा पुसत बसला होतात.

मग त्याच भागात अक्कांच्या भाचीचं लग्न निघालं, ऐन वैशाखात. "चल गं, जेवण चांगलं असतं त्यांच्याकडे," म्हणून मलाही नेलंत. परतताना गाडी वळवून म्हणालात, "चांदा, आपलं तळं बघून जाऊ." आपलं तळं म्हणालात. पोचलो तर तळं नव्हतंच. तळाशी तांबूस चिखल, त्यालाही भेगा. झाडांच्या जागी कमरेएवढ्या काठ्या आणि प्रत्येकीला नंबराचा पत्र्याचा बिल्ला. वारा आला की ते बिल्ले वाजायचे. ढिगाऱ्यावरची लाल माती सुटून खालच्या शेतांवर पसरलेली. तुम्ही लग्नातल्या रेशमी सदऱ्यात काठावर उभे. मला काही सुचेना, म्हणून मी म्हटलं, पावसात भरेल की परत. तुम्ही म्हणालात, "भरेल. आणि आपण परत येऊन फोटो काढू."

कुणी फसवलं असतं तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. फसवलं कुणीच नव्हतं. आपल्या धंद्यातली यच्चयावत माणसं पावसानंतरच खाणी बघायला जातात. आपण जायचो, कंपनीवाले न्यायचे, तपासनीस जायचे, पैसा देणाऱ्या संस्थांचे पाहुणे तर त्याच सुमाराला विमानात बसायचे. उन्हाळ्यात तिकडे उभं राहवत नाही, जीप तापते, साहेबांचं डोकं धरतं. श्रावणात कसं, डोंगर हिरवे, हवा गार, कुर्गला सहलीला गेल्यासारखं सगळं. त्या दिवसांत कुठलाही खड्डा बरा दिसतो. इतकी वर्षं इतकी शिकलेली माणसं खाणी बघत होती आणि एकाच्याही हे डोक्यात आलं नाही, बाप्पा.

तुम्ही ऑफिसात आलात आणि नियम केलात: पाहणी चैत्र-वैशाखातच. दुपारी बारानंतर. जीपमधून उतरून. माझी हसून पुरेवाट झाली होती, कारण नियम करणारा माणूस कोण, तर बंगळूरचा, जुलैत स्वेटर घालणारा आणि मार्चमध्येच "केवढी धग" म्हणून खिडक्या उघडणारा. मी चंद्रपूरची, उन्हाचं मला काय सांगता! पण जायचात तुम्ही. ओला टॉवेल डोक्यावर, त्यावर ती विचित्र टोपी, नाक सोललेलं. एकदा बसापूर गावच्या खाणीवर भोवळ येऊन खाली बसलात आणि मी पाण्याची बाटली घेऊन धावले, तर म्हणता काय, "लिहून घे, सावलीला एकही झाड नाही." भोवळ आलेला माणूस पाहणी करतोय. असा राग आला होता ना मला तुमचा.

बसापूरच्या गंगम्मांनी त्या दिवशी तुम्हाला ओसरीवर आडवं केलं आणि तांब्याभर मज्जिगे पाजलं. ते ताक पिऊन तुम्ही डोळे उघडलेत तेव्हा त्यांनी आधी तुमची खरडपट्टी काढली. "ह्या दिवसांत कुणी येतं का, सर? सरकारसुद्धा येत नाही." तुम्ही म्हणालात, म्हणूनच आलो, अम्मा. त्या इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावला. त्यांच्या घरापुढे जुना खड्डा, आणि घरामागे तो डोंगर, ज्याच्यात त्याच कंपनीला नवा खड्डा हवा होता. पुढच्या उन्हाळ्यापासून त्या आपली वाटच बघायच्या. आंब्याचं लोणचं तुमच्यासाठी वेगळं काढून ठेवायच्या, मला त्यातली एक फोड मिळायची.

मग ती कार्यशाळा झाली, बाहेरच्या देशांतली माणसं इथं आली होती. झांबियाच्या त्या उंच बाई आठवतात? तुम्ही तुमचाच तो हिरवा फोटो दाखवलात आणि शेजारी वैशाखातला ठेवलात, आणि म्हणालात, दोन्ही एकाच खड्ड्याचे आहेत, पहिल्याखालचं कौतुक माझं आहे. त्या बाई खो-खो हसत सुटल्या. म्हणाल्या, "आमच्याकडेही पाहुण्यांना हिरवं असतानाच बोलावतात!" मग पेरूचे गृहस्थ हसले, मग इंडोनेशियाचे. जेवताना सगळे आपापल्या हिरव्या खड्ड्यांच्या गोष्टी सांगत होते. मी तुमच्याकडे बघत होते. एवढ्या लोकांसमोर आपलीच चूक पाटावर बसवायला छाती लागते. अभिमान वाटला होता मला, आणि मी तुम्हाला म्हटलं काय, तर "इस्त्रीचा शर्ट घालायचा की हो अण्णा."

ते कलम त्याच जेवणात जन्मलं. जुना खड्डा उन्हाळ्याच्या पाहणीत उतरला पाहिजे, पाहणीला गावातली माणसं सोबत पाहिजेत, आणि तोवर त्या मालकाला शेजारी नवा खड्डा उघडता येणार नाही. एवढंच. लहान पोरालाही कळेल असं. आणि कळत होतं म्हणूनच नको होतं. मार्गदर्शिका लिहिणाऱ्या, सगळ्या देशांच्या समितीच्या बैठकांत काय काय कारणं निघाली! उन्हाळा प्रत्येक देशात वेगळा असतो. मग तिथल्या कोरड्या महिन्यात म्हणू, तुम्ही म्हणालात. गुंतवणूकदार घाबरतील. गावकऱ्यांना तांत्रिक ज्ञान नसतं. तुम्ही शांतपणे एकेकाला उत्तर द्यायचात आणि मी टेबलाखाली मुठी आवळून बसायचे. शेवटी त्यांनी बाकी पुष्कळ ठेवलं. विहिरींच्या पाण्याची तपासणी ठेवली, कामगारांना आधी कळवायचं ठेवलं, धुळीचं कलम ठेवलं. हे एक उचललं आणि पार शेवटी परिशिष्टात नेऊन टाकलं, 'इष्ट प्रथा' म्हणून. म्हणजे जमलं तर करा, नाहीतर राहू द्या.

धुळीच्या कलमावरून आठवलं. माझे बाबा गेले तेव्हा तुम्ही न सांगता चंद्रपूरला आलात. मे महिना, गाड्या बदलत, बाहेरगावच्या माणसानं त्या दिवसांत तिकडे फिरकू नये असं ऊन. आईनं तुम्हाला पिठलं वाढलं, तुम्ही मुकाट्यानं खाल्लंत, मग अंगणात जाऊन दोरीवरच्या चादरीवरून बोट फिरवलंत आणि ते बोट बघत उभे राहिलात. परत आल्यावर धुळीचं कलम तुम्ही सबंध नव्यानं लिहिलंत. वस्तीत मोजा, खाणीच्या फाटकाशी नको. त्यात बाबांचा उल्लेख कुठंच नाही, पण ते वाचताना मला माझं अंगण दिसतं. अण्णा, मी तुमचे आभार कधी मानलेच नाहीत. आपल्यात ती पद्धत नव्हती. आता मानते तर ऐकायला तुम्ही नाही.

शेवटचं भांडण शुक्रवारचं. ऑफिसातून उतरून आपण कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात कॉफीला निघालो होतो. तुम्ही चालता चालता म्हणालात, "परिशिष्टात राहू दे ते. कागदावर आलं ना?"

मला वाटलं, थट्टा करताय. "परिशिष्ट कोण वाचतं, अण्णा?"

"तू वाचतेस."

"मी काय खाण चालवते?"

"हे बघ, सगळंच पाहिजे म्हणून अडून बसलो तर विहिरींचंही जाईल, धुळीचंही जाईल. आत्ता एवढं घेऊ. पुढच्या वेळी त्याला वर आणू."

"पुढची वेळ कधी? तोवर बसापूरचा डोंगर राहतो का?"

तुम्ही दर्शिनीच्या कठड्याला हात लावून थांबलात. "स्वल्प इरु," म्हणालात. थांब जरा. मी थांबले, पण तोंड कुठं थांबतंय. विचारलं, "थकलात म्हणून सोडताय का?" तुम्ही म्हणालात, "थकलोय तर खरंच. पण म्हणून सोडतोय असं नाही." मग कशासाठी, मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "सोमवारी बोलू." कॉफी आली, आपण उभ्यानं प्यालो, तुम्ही माझ्या कपातली साखर ढवळून दिलीत, आणि रिक्षात बसलात. रविवारी सकाळी अक्कांचा फोन आला.

मला तुमचं उत्तर हवं होतं, अण्णा. चूक असतं तरी चाललं असतं. तुम्ही खरंच मनापासून म्हणालात, की छातीत कळ होती म्हणून विषय संपवलात, हे मला आता या जन्मात कळणार नाही. रात्रंदिवस तेच डोक्यात. कधी वाटतं, तुमचंच बरोबर, धुळीचं कलम वाचलं, चंद्रपुरासारख्या कुठल्यातरी गावात एखादी चादर पांढरी राहील. कधी वाटतं, कसलं काय, तुम्ही थकलात आणि त्यांनी ते ओळखलं.

गंगम्मांना मीच फोन केला. माझं कानडी तुम्हाला माहीतच आहे, रिक्षापुरतं. तरी सांगितलं. पलीकडे कोंबड्यांची गडबड ऐकू येत होती. मग त्यांनी विचारलं, "ऊन लागलं का त्यांना?" मी म्हटलं, नाही अम्मा, हृदय. त्या म्हणाल्या, "मग आता वैशाखात कोण येणार?" मी येईन म्हटलं. आवाजात जोर काही आला नाही. त्यांनी 'सरी' म्हटलं आणि फोन ठेवला.

तेराव्यानंतर गर्दी ओसरली तशी मी तुमच्या घरी गेले. अक्का स्वयंपाकघरात खाली बसून अवरेकाळू सोलत होत्या. मला बघून सूप थोडं माझ्याकडे सरकवलं. पावट्याचे दाणे काढता काढता मी पहिल्या पानाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यात ते उन्हाचं आहे का गं?"

मी चाट पडले. "तुम्हाला माहीत आहे?"

"अय्यो, माहीत नसायला काय झालं? शुक्रवारी आले ते जेवायलाच तयार नाहीत. इकडून तिकडे फेऱ्या, आणि हात असा नाचवत," अक्कांनी शेंग धरलेला हात हवेत उडवला, अगदी माझ्यासारखा, "परिशिष्ट कोण वाचतं! परिशिष्ट कोण वाचतं, बाप्पा! तुझीच नक्कल. मी म्हटलं, अर्धं मिळालंय ना, आता सोडा की. तर माझ्यावरच ओरडले. म्हणे, अर्धा खड्डा बुजवतात का?"

म्हणजे तुम्ही माझ्या बाजूचे होतात! मला तिथंच रडू फुटलं, हसूही आलं. मी म्हटलं, "अक्का, म्हणजे त्यांना माझंच पटलं होतं."

"थांब. एवढ्यात नाचू नकोस. मी तुझी बाजू घेतली असती ना, तर ते समितीची घेऊन बसले असते. आमचा सगळा जन्म त्यातच गेला. मी इडली म्हटलं की त्यांना उप्पिट्टु." त्या दाणे निवडत राहिल्या. "ऑफिसात ते समितीचं बोलायचे आणि घरी तुझं. त्यांचं स्वतःचं काय होतं, ते मला नाही ठाऊक, मुली."

"मग नावाचं काय करू? तुम्ही हो म्हणाल तर हो."

"मला काय विचारतेस? मी तर त्यांना नावानं कधी हाकसुद्धा मारली नाही." हे म्हणताना त्यांचा आवाज फुटला, पहिल्यांदाच. पदरानं डोळे पुसून त्यांनी सूप परत मांडीवर घेतलं. "त्या पानाचं तुला कळतं. तू ठरव. आणि जेवून जा."

जेवले. सारू आणि भात. तुमच्या जागेवर पाट मांडलेला नव्हता, तिथं वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. परतताना बस सिल्क बोर्डच्या चौकात अडकली ती अडकलीच, आणि मी खिडकीशी बसून तुमच्याशी भांडत राहिले. मी म्हटलं, नाव असू द्या की, काय बिघडतं? नाव असलं तर तुमचं एवढं कष्टाचं काम निदान कुणाला कळेल. अक्कांना भिंतीवर लावायला एक पान होईल. नाव नको म्हटलं तर काय मोठा तीर मारला जाणार आहे, कलम काही परत येणार नाही. आणि तुमच्या तोंडून मीच उत्तर देत होते, राहू दे, चांदा, राहू दे. मग लक्षात आलं, की मला सोयीचं तेच मी तुमच्या तोंडी घालते आहे. त्या बसमध्ये मला तुमची फार आठवण आली. तुम्ही कधी मला सोयीचं बोलला नाहीत.

मग मी एवढंच बघितलं. त्या पुस्तिकेत बंद खाण कधीही तपासा म्हटलंय. म्हणजे सगळे पावसानंतर जातील. कुठल्या कुठल्या देशांत, कुठल्या कुठल्या बसापुरांत हिरवे फोटो निघतील, खाली कौतुक लिहिलं जाईल, आणि मागचा डोंगर उघडला जाईल. त्या सगळ्याच्या पहिल्या पानावर तुम्ही, निळ्या स्वेटरमध्ये, हसत. एकदा हिरव्या फोटोखाली तुमचं नाव गेलं होतं, तर तुम्ही दर उन्हाळ्यात जाऊन, नाक सोलून घेऊन, त्याची भरपाई केलीत. आता ते तुम्हाला करता येणार नाही. आणि मला तुमच्या वतीनं करता येईल की नाही, याची आज तरी मला खात्री नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सचिवसाहेबांना फोन लावला. म्हटलं, कलम परत आत घ्या, मग नाव खुशाल मोठ्या अक्षरात घाला. ते म्हणाले, "मॅडम, क्लॉज़ तो अब नहीं होगा. आप भी जानती हैं." मी म्हटलं, मग नावही नको. वाईट माणूस नाही तो, अण्णा. हळूच म्हणाले, मलाही त्यांनी शिकवलंय, माझी पहिली नोंद त्यांनीच तपासून दिली होती, मला मनापासून घालायचं होतं. मी म्हटलं, माहीत आहे. "पक्का?" त्यांनी विचारलं. पक्का, मी म्हटलं, आणि नंतर बाथरूममध्ये नळ सोडून रडले, कारण बाहेर जिन्यात दाताचे पेशंट बसले होते.

काल पुस्तिकेचं पाकीट आलं. कागद गुळगुळीत, रंग छान. पहिल्या पानावर सगळ्या देशांची नावं आहेत, समितीची आहेत, माझंही आहे, समितीच्या यादीत होतं ते तसंच राहिलं. विहिरींचं कलम आहे. धुळीचं आहे, तुमच्या शब्दांत, वस्तीत मोजा, जसंच्या तसं. उन्हाचं शेवटी, बारीक टायपात. आणि तुम्ही कुठंच नाही. मी पुढून मागे दोनदा चाळली, जणू कुणीतरी चुकून कुठंतरी घातलं असेल.

अक्कांच्या घरातून आणि आपल्या ऑफिसातून तुम्हाला मरणानं नेलं, त्याला कोण काय करणार. त्या पुस्तिकेतून तुम्हाला मी काढलं, अण्णा, माझ्या हातानं. बरोबर केलं असंच मला वाटतं, आणि तरी पुस्तिका परत परत उघडते. तुम्ही असतात तर जिन्यापर्यंत आवाज गेला असता. भांडायला हवे होतात हो तुम्ही.